जुनं विंडोज, नवा संगणक आणि अडकलेला मजकूर

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं: नव्या संगणकावर विंडोज एक्सपी बसत का नाही, आणि आज ते हवंय तरी कुणाला? आम्हाला हवं होतं. आमचं तर्कशास्त्राचं पुस्तक २००३ साली नांदेडच्या एका छापखान्यात जुळवलं गेलं, पेजमेकर ७ मध्ये. छापखाना बंद झाला, हाती एक सीडी उरली. लातूरला नव्या संगणकावर फाइल उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता कालवा!

हे आमच्या एकट्याचं दुखणं नाही. १९९४ साली नांदेडला विद्यापीठ झालं. त्यानंतरच्या काळात आमच्या हाताखालून गेलेले बहुतेक प्रबंध, स्मरणिका, गौरवग्रंथ युनिकोडपूर्व फॉन्टांतलेच. त्या फाइलीत 'क' नसतोच. दुसऱ्याच कुठल्या चिन्हाच्या घरात 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की चित्र गेलं.

मग फॉन्टच उचलून का आणू नये? कारण आमचा तो लिपीचा कार्यक्रम लॉकवर चालतो, आणि लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटांचा. ६४ बिटांचं विंडोज असला ड्रायव्हर घेतच नाही. म्हणून एक्सपी.

छापखानेवाल्यांनी दिलेली मूळ सीडी लावली. थोडं पुढे जाऊन निळा पडदा, त्यावर शेवटी ७बी. आम्हाला वाटलं, सीडी खराब. तसं नव्हतं. एक्सपी २००१ सालचं. नव्या डिस्कशी बोलायची एएचसीआय नावाची रीत त्याला ठाऊक नाही. सुरुवात सीडीवरून होते, पण पुढे डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये आयडीई हा पर्याय असेल तर काम होतं. नसेल तर ड्रायव्हर आधीच सीडीत मिसळावा लागतो. पूर्वी एफ६ दाबून फ्लॉपीवरून देत, पण आता फ्लॉपी कुठून आणायची? त्यातून यंत्र निव्वळ यूईएफआयचं निघालं, जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोयच नसली, तर ३२ बिटांच्या एक्सपीचा विषयच संपतो. विंडोज ७ ची तऱ्हा वेगळी: २०१५ नंतरच्या बऱ्याच यंत्रांवर ते भाषा विचारतं, पण उत्तर द्यायला माऊस नि कीबोर्ड हलत नाहीत, कारण त्याच्या डीव्हीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही.

शेवटी आम्ही व्हर्च्युअलबॉक्स घेतलं. नव्या विंडोजच्या पोटात ते एक खोटं, जुनं यंत्र उभं करतं. एक्सपीला जुनी आयडीई डिस्क दिसते आणि ते निमूट बसतं. वेदान्तातल्या स्वप्नाच्या दृष्टान्तासारखंच बघा: स्वप्नातल्या पाण्याने स्वप्नातली तहान भागते. लॉक यूएसबीचा होता म्हणून निभावलं. तो आत जोडून देता येतो. जुन्या रुंद प्रिंटर-पोर्टाचा असता तर जुनाच संगणक शोधावा लागला असता.

एक मात्र कटाक्षाने पाळा. या एक्सपीला इंटरनेट देऊ नका. त्याची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली. २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यावेळी मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक दुरुस्ती दिली.

फाइल उघडली की लगेच पीडीएफ काढून ठेवा. पण पीडीएफ म्हणजे पानाचं रूप. त्यातून मजकूर उचलला की पुन्हा तोच कालवा. युनिकोडमध्ये आणायला त्या विशिष्ट फॉन्टचाच परिवर्तक लागतो, आणि तोही ऱ्हस्व वेलांटीत नि रफारात चुकतो, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. तिथे माणसानेच वाचायला हवं. आमची आतापर्यंत चाळीस पानं वाचून झालीत.