‘फुटेल’, ‘फुटू शकतो’, ‘फुटायचा’ : शंकार्थाची एक चिकित्सा

मोटार-शर्यतीचा सप्ताहान्त हा मुख्यतः भविष्याविषयी बोलण्याचा काळ असतो. शुक्रवारी सराव, शनिवारी प्रारंभक्रम ठरविणारी चाचणी आणि रविवारी शर्यत, असा त्याचा सामान्य क्रम. शर्यत दीड-दोन तासांत संपते. तत्पूर्वीचे दोन दिवस मात्र ‘काय होईल’ या एका प्रश्नाने व्यापलेले असतात. या प्रश्नास उत्कंठा आणि धास्ती अशी दोन अंगे आहेत. कोण जिंकेल ही उत्कंठा. टायर टिकेल ना, ही धास्ती. दोहोंचा रोख अघटिताकडेच असतो. तरीही भाषा त्यांना एकाच साच्यात बसवीत नाही. हा भेद कोणता, आणि तो न ओळखल्यास व्यवहारात काय घडते, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या परंपरागत व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ सांगितले जातात. ही विभागणी मुख्यतः रूपांवर आधारलेली आहे. तर्कशास्त्रज्ञ फोन राइट याने 1951 साली आशयाच्या अंगाने जी मांडणी केली, तीत दोन क्षेत्रे विशेष महत्त्वाची आहेत. एक ज्ञानविषयक : विधान खरे ठरलेले आहे, अनिर्णित आहे की खोटे ठरलेले? दुसरे कर्तव्यविषयक : कृती आवश्यक आहे, अनुज्ञात आहे की निषिद्ध? ‘टायर फुटू शकतो’ हे पहिल्या क्षेत्रातील वाक्य होय. ‘गाडी धावू नये’ हे दुसऱ्या. पहिल्यावरून दुसरे आपोआप निष्पन्न होत नाही, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावयास हवी.

मराठीत पहिल्या क्षेत्राच्या छटा सूक्ष्म आहेत. ‘टायर फुटणार’ यात निश्चय आहे. ‘फुटेल’ यात अनुमान आहे. ‘तो आता घरी असेल’ या वाक्यात हेच रूप वर्तमानाविषयीच्या तर्कासही चालते. ‘फुटू शकतो’ यात केवळ शक्यता आहे. आणि ‘जपून, टायर फुटायचा!’ यात शक्यतेबरोबर अनिष्टतेची जाणीवही आहे. ‘दूध उतू जायचे, लक्ष ठेव’, ‘धावू नकोस, पडायचास’ ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. याच अर्थाने ‘तुला बक्षीस मिळायचे’ असे म्हटल्यास ते चमत्कारिक किंवा उपरोधिक वाटते. कारण हे रूप येथे इष्टास चालत नाही. सॉलोमन बेटांतील तोआबाइता भाषेच्या अभ्यासावरून लिख्तेनबेर्क याने 1995 साली अशा रचनांची स्वतंत्र चर्चा केली. घटना घडण्याची शक्यता आणि ती न घडावी ही इच्छा, अशी दोन द्रव्ये त्यांत मिसळलेली असतात. यास आपण ‘शंकार्थ’ म्हणू.

टायरसंबंधीची भाषा शंकार्थाने भरलेली का असते, याचे कारण वस्तूच्या घडणीत आहे. बैलगाडीच्या चाकास जी लोखंडी पट्टी बसवितात तिला आपण ‘धाव’ म्हणतो. उन्हाने लाकूड आटले की धाव सैल होते. परंतु ते डोळ्यांस दिसते, कानांस ऐकू येते. हवेने भरलेल्या टायरची गोष्ट वेगळी. त्याच्या भिंतीतील धाग्यांचे थर प्रत्येक आवर्तनात वाकतात, तापतात. त्यांतील दोष बाहेरून न दिसताच वाढू शकतो. म्हणून त्याविषयी बोलणारा बहुधा पाहिलेले सांगत नसून तर्काने जाणलेले सांगत असतो.

आता उदाहरणाकडे वळू. 19 जून 2005 रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे फॉर्म्युला वनची शर्यत व्हावयाची होती. दहा संघांपैकी सात मिशलिन कंपनीचे टायर वापरीत होते, तर फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी हे तीन संघ ब्रिजस्टोनचे. शुक्रवारी, 17 जूनला, सरावात राल्फ शूमाखरच्या टोयोटाचा मागील डावा टायर निकामी झाला आणि गाडी तेराव्या वळणावर भिंतीवर आदळली. हे वळण तेथील जुन्या लंबवर्तुळाकार मार्गाचा भाग असल्यामुळे बाहेरच्या बाजूस उंचावलेले होते. सपाट वळणावर टायरवर मुख्यतः आडवा ताण येतो. उंचावलेल्या वळणावर गाडी रस्त्यावर अधिक दाबलीही जाते. वळण उजवे असल्याने भार डाव्या चाकांवर, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर. म्हणून मागील डाव्या टायरची कसोटी सर्वांत कठीण. त्यात त्या वर्षीच्या नियमानुसार, टायर निकामी झाल्याखेरीज, प्रारंभक्रमाची चाचणी आणि 73 फेऱ्यांची संपूर्ण शर्यत एकाच संचावर पार पाडावयाची होती.

शनिवारी मिशलिनने शर्यत-संचालक चार्ली व्हाइटिंग यांस लेखी कळविले. त्याचा आशय असा की तेराव्या वळणावरील वेग कमी झाल्याखेरीज या टायरच्या सुरक्षिततेची ग्वाही देता येत नाही. येथे नकाराची व्याप्ती पाहण्याजोगी आहे. ‘टायर टिकणार नाही’ या वाक्यात नकार टिकण्यास लागतो. ‘टायर टिकेल अशी ग्वाही देता येत नाही’ या वाक्यात तो ग्वाहीस लागतो. पहिले भाकीत होय, दुसरे भाकीत करण्याची असमर्थता. एक ऐकणारा दुसऱ्या वाक्यातून पहिले ऐकतो आणि भयभीत होतो. दुसरा ऐकणारा त्यातून ‘कदाचित टिकेलही’ एवढेच ऐकतो. दोघेही शब्दांशी प्रामाणिकच असतात.

संघांनी वळणाआधी वेगरोधक वाकण बांधण्याची मागणी केली. नियामक संस्थेने ती नाकारली. ऐन वेळी मार्ग बदलणे योग्य टायर घेऊन आलेल्या संघांवर अन्याय करणारे, आणि चाचणीविना बांधलेल्या वाकणावर अपघात झाल्यास उत्तरदायित्व कोणाचे, असे तिचे म्हणणे. तिने पर्याय सुचविले : वळणावर सावकाश जावे, धोका दिसल्यास टायर बदलावा, अथवा प्रत्येक फेरीस सेवामार्गाने जावे. व्याकरणदृष्ट्या पाहता मिशलिन ज्ञानविषयक भाषा बोलत होती; तिला मनाई करण्याचा अधिकार नव्हता. संस्था कर्तव्यविषयक भाषा बोलत होती. परंतु तिने ‘धावा’ असेही म्हटले नाही आणि ‘धावू नका’ असेही नाही. ‘धावता येईल’ एवढेच म्हटले. मधला दुवा, म्हणजे शक्यतेचे आज्ञेत रूपांतर, कोणीच केले नाही.

रविवारी वीसही गाड्या प्रास्ताविक फेरीस निघाल्या आणि तिच्या अखेरीस मिशलिनच्या चौदा गाड्या सेवामार्गात शिरल्या. सहा गाड्यांची शर्यत झाली. मिखाएल शूमाखर जिंकला. नारायण कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळविणारा तो पहिला भारतीय ठरला. प्रेक्षकांनी संतापाने मार्गावर बाटल्या फेकल्या. दोन दिवस त्यांनी उत्कंठेची वाक्येच ऐकली होती. शंकेच्या वाक्यांचे वजन त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे मिशलिनने तिकिटांचे पैसे परत करण्याचे जाहीर केले, आणि 2006 पासून शर्यतीत टायर बदलण्याची मुभा पुन्हा मिळाली.

याच्याशी 2023 च्या ऑक्टोबरातील कतार येथील प्रसंग ताडून पाहावा. तेथेही सरावानंतर टायरच्या भिंतीत आतील थर सुटू लागल्याची चिन्हे आढळली. मार्गाच्या कडांवरून वेगाने जाण्यामुळे तसे होत असावे, असा तर्क होता. ‘असावे’ हे रूप येथेही होतेच. परंतु नियामक संस्थेने त्या तर्काचे आज्ञेत रूपांतर केले : टायरचा कोणताही संच अठरा फेऱ्यांपेक्षा अधिक चालविता येणार नाही. 57 फेऱ्यांच्या शर्यतीत प्रत्येकास किमान तीनदा थांबणे प्राप्त झाले. शर्यत पार पडली. येथे सर्व संघांना टायर पुरविणारी कंपनी एकच होती, त्यामुळे आज्ञा सर्वांस समान लागू पडली. 2005 मध्ये तशी सोय नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. भाषेने सर्व पेच सुटतात, असा दावा येथे नाही.

तथापि अभ्यासकांनी यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. इशारा हे एक वाक्य नसून दोन वाक्यांची जोडी आहे : ‘असे होऊ शकते’ आणि ‘म्हणून असे करावे’. ‘धावू नकोस, पडायचास’ यात ही जोडी आई एका श्वासात पुरी करते. कारण जाणण्याचे सामर्थ्य आणि आज्ञेचा अधिकार तिच्या ठायी एकत्र असतात. संस्थांच्या व्यवहारात हे दोन वेगवेगळ्या हाती असतात. धरणाच्या भिंतीविषयी, औषधाच्या परिणामाविषयी किंवा पुलाच्या मजबुतीविषयी तज्ज्ञ जेव्हा ‘ग्वाही देता येत नाही’ असे लिहितो, तेव्हा त्या वाक्याचा उत्तरार्ध कोणी उच्चारावयाचा, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. ते ठरले नसेल, तर शंकार्थाचे अर्धे वाक्य हवेतच राहते, आणि त्याचा अर्थ अपघात ठरवितो.