सभासद कोणाला म्हणावे?

मराठीचा प्राध्यापक म्हटला, की लग्नपत्रिकेचा मजकूर, निवृत्तीचे मानपत्र आणि शोकसभेतले चार शब्द एवढे तरी त्याला फुकट लिहून द्यावेच लागतात. गेल्या वर्षी वैशाखात मात्र याहून भारी काम माझ्या गळ्यात पडले. सुटीत बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी आईला भेटायला गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी सात-आठ तरुण ओसरीवर येऊन बसले. चहा झाला, उन्हाचा विषय झाला, आणि मग त्यांच्यातला एकजण हळूच म्हणाला, "काका, आपल्या तरुण मंडळाची घटना लिहून द्या. रजिस्टर करायचंय."

घटना! मला क्षणभर बाबासाहेबांच्या खुर्चीत बसल्यासारखे वाटले. चष्मा पुसून मी कागद पुढे ओढला.

अशी मंडळे 1860 सालच्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवतात. निदान सात माणसांनी एकत्र येऊन सही करावी लागते. महाराष्ट्रात त्याखेरीज 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरीही नाव घालावे लागते. मुलांनी शेजारच्या गावच्या मंडळाची नियमावली वहीत उतरवून आणली होती. वय 18 ते 35. गावचा कायम रहिवासी. वर्गणी दरमहा 50 रुपये, आणि तीन महिने थकली तर नाव कमी. पोशाख पांढरा शर्ट, पांढरी पँट, काळे बूट. 'गणवेशाशिवाय सभेस बसता येणार नाही' या वाक्याखाली दोनदा रेघ ओढलेली.

वयाचे कलम आधी घेतले. सरकारच्या 2003 च्या युवा धोरणात तरुणाचे वय 13 ते 35 होते. 2014 च्या धोरणाने ते 15 ते 29 वर आणले. मी हे सांगताच सगळ्यांनी एका मिशाळ गृहस्थाकडे पाहिले. ते मंडळाचे नियोजित अध्यक्ष, आणि त्यांचे वय 34! ओसरीवर हशा पिकला. शेवटी 35 हाच आकडा कायम झाला. अध्यक्षांना आणखी एक वर्षाचे तारुण्य मिळाले.

'सभासद' हा शब्द लिहिताना माझ्यातला मास्तर जागा झाला. कृष्णाजी अनंतांनी 1697 च्या सुमारास जिंजीला, राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून शिवछत्रपतींची बखर लिहिली, ते आडनावाने सभासदच, असे मी सांगू लागलो. दोघांनी जांभया दिल्या. मी पुढच्या कलमाकडे वळलो.

खांबाला टेकून एक मुलगा इतका वेळ गप्प बसला होता. वर्गणीचे कलम वाचून झाल्यावर तो म्हणाला, "काका, आम्ही कोयत्यावर जातो. दसरा झाला की गाड्या निघतात, ते पाडव्याच्या पुढंमागं परत येतो. तीन महिने तर तिथंच होतात."

आमच्या भागात हे कोणाला सांगावे लागत नाही. पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि कारखाना चालू असेतो पश्चिम महाराष्ट्रात, नाही तर कर्नाटकात, उसाच्या फडावर राहून ती फेडायची. मागे गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेपायी ठेवलेली पोरे. म्हणजे या नियमाप्रमाणे दर माघात मंडळाचे निम्मे सभासद आपोआप बाद होणार!

मला वाटले, हे शेजारच्या गावाचे डोके. पण रात्री कायदा उघडून पाहिला, तर पंधराव्या कलमात तेच आढळले : ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली, त्याला मत नाही. मात्र त्याच कलमात एक 'किंवा' दडलेला आहे. नियमाप्रमाणे दाखल होऊन ज्याने वर्गणी दिली, किंवा सभासदांच्या यादीवर सही केली, तो सभासद. उभा जन्म मुलांना उभयान्वयी अव्यये शिकवण्यात गेला, पण 'किंवा'ची किंमत मला त्या रात्री कळली. दुसऱ्या दिवशी मी कलम बदलून नेले : सही केली की सभासद, वर्गणी वर्षाची एकदम, 50 रुपये, अक्षय्य तृतीयेला. तेव्हा सगळे गावात असतात. 'कायम रहिवासी' खोडून 'गावात ज्याचे घर आहे' असे घातले.

"ज्याचे की जिचे?" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. शेजारची मुलगी आईला वाती वळू लागायला आली होती. तालुक्याला शेतकी पदविकेचा अभ्यास करते.

ओसरी शांत झाली. मग एकजण म्हणाला, "पोरी येतील हो, पण त्यांना हा ड्रेस कसा चालायचा?"

ती बाहेर येऊन उभी राहिली. अमेरिकेत शेतकी शिकणाऱ्या मुलांची 'फ्यूचर फार्मर्स' म्हणून 1928 साली संस्था निघाली. 1933 पासून त्यांचे निळे कॉर्डरॉयचे जाकीट ठरलेले. समारंभात त्याची साखळी गळ्यापर्यंत ओढलेली हवी, इतका कडक शिस्तीचा कारभार. पण त्या जाकिटात मुलींना रीतसर जागा मिळायला 1969 साल उजाडले. हे सगळे तिने घडाघडा सांगितले आणि विचारले, "आपल्यालाबी चाळीस वर्षं लावायची का?"

अध्यक्ष मिशीवर हात फिरवीत राहिले.

पोशाखावर मग दोन दिवस वाद झाला. मुलांचे म्हणणे मला अगदीच पोरकट वाटले नाही. "काका, सगळे एकसारखे दिसलो की कुणाचा बाप किती एकरवाला ते कळत नाही," असे एकजण म्हणाला, आणि ते खरेच होते. पण कापड, शिलाई आणि बूट धरून 2000 रुपयांचा हिशेब निघाला, तेव्हा खांबाजवळचा मुलगा उठून उभा राहिला. एका पुढाऱ्याने छातीवर स्वतःचा फोटो छापलेले बनियन फुकट द्यायची तयारी दाखवली होती म्हणे. आई आतून म्हणाली, "आणि ते घालून गोठ्यातलं शेण भरायचं का?" बनियन तिथेच निकालात निघाले. अखेर ठरले : अंगावर आपापले धुतलेले कपडे आणि छातीवर मंडळाचा बिल्ला. बिल्ला पंचवीस रुपयांत होतो, आणि शर्टाला, झंपराला, ओढणीला कुठेही लागतो.

पहिल्या सात सह्यांत तिसरी त्या मुलीची आणि सातवी खांबाजवळच्या मुलाची. एकाने मात्र मुलींच्या कलमामुळे सही करायचे नाकारले, तो अजून फिरकलेला नाही.

दसऱ्यानंतर मी पुन्हा गावी गेलो, तेव्हा फाट्यावर गाड्या भरत होत्या. भांडी, अंथरुणे, कोंबड्यांची डालगी, आणि वर बसलेली माणसे. तो मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होता. मळक्या शर्टावर बिल्ला लावलेला. मला पाहून त्याने वरूनच हाक मारली.

"काका, वर्षाची मोठी सभा कधी धरलीय?"

मी सहज म्हणालो, "सव्वीस जानेवारीला. झेंडावंदनानंतर."

बोलता बोलताच माझी जीभ अडखळली. घटनेतले नववे कलम माझ्याच हातचे होते, आणि कागद जिल्ह्याला जाऊन महिना झाला होता. जानेवारीत हा कुठल्या फडावर असणार, ते त्यालाही ठाऊक नव्हते.

ट्रॅक्टर सुरू झाला. "राहू द्या काका," तो ओरडून म्हणाला, "आल्यावर बदलू!"