पंचतारांकित मुक्काम आणि सूर्यास्तापूर्वीचे ताट

सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी निकट, जेमतेम सव्वा अंश उत्तरेस वसलेले आहे. त्यामुळे तेथे सूर्याचे वेळापत्रक वर्षभर फारसे बदलत नाही. बाराही महिने सूर्योदय सकाळी सातच्या आसपास आणि सूर्यास्त सायंकाळी सातच्या आसपास. मोठ्या हॉटेलांतील भोजनगृहे मात्र साधारणतः दुपारी अडीच-तीनला बंद होतात आणि पुन्हा उघडतात ती सायंकाळी सहा-साडेसहाला. जागा मिळवून, पदार्थ सांगून, ताट समोर येईपर्यंत सूर्य मावळतीला टेकलेला असतो. चौविहाराचा नियम असलेल्या जैन प्रवाशाची बहुतेक सारी अडचण या अर्ध्या-पाऊण तासात साठलेली आहे.

परिणामी अनेक कुटुंबांचा तेथील मुक्काम एका ठरावीक पद्धतीने पार पडतो. बॅगेत आठ-दहा किलो खाकरे, दशम्या, ठेपले, मेतकूट आणि लोणचे भरले जाते. खोलीच्या भाड्यात सकाळच्या न्याहारीचे पैसे धरलेले असतात. पण घरातील ज्येष्ठ मंडळी खाली उतरतच नाहीत. पलंगावर वर्तमानपत्र पसरून दशमी खाल्ली जाते. नियम पाळला गेला याचे समाधान असते, आणि आपण इतरांना अडचणीत टाकतो आहोत ही टोचणीही असते. एखाद्या आजींनी सुनेला त्रास नको म्हणून प्रवासापुरता नियम सैल केला, असेही घडते. त्याची रुखरुख नंतर कितीतरी दिवस जात नाही.

वस्तुतः ज्या शहरात हे घडते, ते शहर आहाराच्या नियमांना मुळीच नवखे नाही. मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी या चारही भाषांना तेथे राजभाषेचा दर्जा आहे. चायनाटाउनमधील साउथ ब्रिज रोड या एकाच रस्त्यावर चुलिया मुसलमानांची जामे मशीद, १८२७ साली स्थापन झालेले श्री मारिअम्मन मंदिर आणि २००७ साली उभे राहिलेले बुद्धदंतधातूचे मंदिर पायी काही मिनिटांच्या अंतरावर भेटतात. हे सहजीवन आपोआप झालेले नाही. १९६४ च्या जुलैमध्ये तेथे चिनी व मलय समाजांत दंगली झाल्या होत्या. त्यांची आठवण म्हणून २१ जुलै हा वांशिक सलोखा दिन शाळाशाळांतून पाळला जातो. सरकारी वसाहतींतील एकाच इमारतीत एकाच समाजाची गर्दी होऊ नये म्हणून १९८९ पासून घरवाटपाला समाजनिहाय मर्यादा घातलेली आहे. शेजाऱ्याचे ताट वेगळे असणार, हे या नगरराज्याने धोरण म्हणूनच स्वीकारले आहे.

हॉटेलातही याची चिन्हे दिसतात. कित्येक खोल्यांच्या खणात बायबलची प्रत आणि बुद्धवचनांचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवलेले असते. नमाजासाठी मक्केची दिशा दाखविणारा बाण काही ठिकाणी छतावर किंवा खणात चिकटविलेला असतो, आणि जेथे नसतो तेथे विचारताच दिशा सांगितली जाते. चिनी भाषेत ‘चार’ या शब्दाचा उच्चार ‘मृत्यू’ या शब्दाशी जुळतो, म्हणून काही इमारतींत चौथा मजलाच मोजला जात नाही! पाहुण्याची श्रद्धा समजून घेणे हा येथील व्यवसायाचा भाग आहे. हलाल प्रमाणपत्र असलेल्या मुदपाकखान्यात भांडी, तवे, चिमटे, साठवण या सर्वांना शिस्त असते. ‘माझ्या पदार्थासाठी तवा वेगळा हवा’ हे वाक्य तेथील आचाऱ्याने शेकडो वेळा ऐकलेले असते. हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे.

खरी अडचण आपल्या बाजूने सुरू होते, कारण आपण केवळ ‘जैन फूड’ एवढेच सांगून थांबतो. परदेशातील पुष्कळ ठिकाणी या शब्दाचा अर्थ ‘कांदा-लसूण नको’ इतकाच घेतला जातो. मग बटाटा, गाजर, मुळा, आले निमूटपणे ताटात येतात, आणि दोष कोणाला द्यायचा हे कळत नाही. चिनी बौद्धांची शाकाहाराची परंपरा याबाबत आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करते. कांदा, लसूण व त्या जातीच्या उग्र वनस्पती ते निषिद्ध मानतात, आणि अनेक भाविक चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या तिथीला मांसाहार वर्ज्य करतात. परंतु गाजर, मुळा, कमळकाकडी आणि अळिंबी त्यांना चालते. तेव्हा चिनी आचाऱ्याला समजावण्याचा सोपा मार्ग असा: ‘तुमच्या बौद्ध उपवासाचे जेवण, त्यातून जमिनीखाली वाढणारे सर्व कंद व मुळे वगळा, अळिंबी वगळा, आणि अंडे नको.’ एवढे सांगितले की त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बहुधा निवळतो. भुईमूग जमिनीत वाढतो तरी तो अनंतकाय नव्हे, हे त्याला पटविण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. तो प्रश्न आपल्याच घरातील मुलांनाही अजून सुटलेला नसतो.

न्याहारीच्या बुफेत काही फसगती ठरलेल्या आहेत. पावावर लावायचा ‘काया’ हा हिरवट-तपकिरी मुरंबा नारळ, साखर आणि केवड्याच्या जातीच्या पंदन या सुवासिक पानांचा असतो. पण त्यातील दाटपणा अंड्याचा असतो. ‘कॅरट केक’ नावाच्या स्थानिक पदार्थात गाजरही नाही आणि तो केकही नाही. किसलेला पांढरा मुळा व तांदळाचे पीठ उकडून, अंड्याबरोबर परतून तो होतो, म्हणजे आपल्या दृष्टीने दुहेरी वर्ज्य. भाताची मऊ पेज दिसायला निष्पाप असते. तिचे ‘काँजी’ हे नावही तमिळ ‘कंजी’वरून आलेले. परंतु ती पुष्कळदा कोंबडीच्या अर्कात शिजविलेली असते. मलय पद्धतीच्या ‘सांबल’ चटणीत वाळविलेल्या कोळंबीचा गोळा असतो, चिनी परतलेल्या भाजीत कालवांचा रस, आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन. भाजी डोळ्यांना हिरवी दिसली म्हणून ती शाकाहारी ठरत नाही. त्यापेक्षा पपई, रामबुतान, मँगोस्टीन ही फळे, साधा पाव, लोणी, दूध आणि सांगून करवून घेतलेला, बटाट्याची भाजी नसलेला साधा डोसा यांवर न्याहारी उत्तम होते. बुफेचा चिमटा सर्वच पदार्थांतून फिरतो. म्हणून डोसा काउंटरवरून न उचलता आतून, वेगळ्या तव्यावरचा मागवावा.

नवकारसीचा हिशेबही येथे आधीच करून ठेवावा लागतो. सूर्योदय सातला धरला, तर अठ्ठेचाळीस मिनिटांनंतरची वेळ आठला दहा-बारा मिनिटे कमी असताना येते. सहलीची बस मात्र अनेकदा साडेआठला दारात उभी असते. शिवाय सिंगापूरचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे. तेथे सायंकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने दुपारचे साडेचारच झालेले असतात. पहिले दोन दिवस भूक लागण्याआधी सूर्य मावळतो, आणि चौविहार करणाऱ्याला रात्री साडेनऊच्या सुमारास, म्हणजे घरच्या सातच्या जेवणवेळेला, पोटात कावळे ओरडू लागतात. ज्येष्ठांनी, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ल्याने वेळा बसवून घेतलेल्या बऱ्या.

सायंकाळच्या त्या पाऊण तासाचे उत्तर भोजनगृहात नसून खोलीत आहे. बहुतेक आलिशान हॉटेलांत खोलीत जेवण पोहोचविण्याची सोय दिवसभर चालू असते. भोजनगृह बंद असतानाही तो मुदपाकखाना जागा असतो. सकाळीच मुख्य आचाऱ्याला निरोप द्यावा, ‘सायंकाळी पावणेसहाला ताट खोलीत हवे’ असे घड्याळाच्या आकड्यात सांगावे, आणि साडेसहापर्यंत जेवण आटोपावे. आरक्षण करतानाच वर्ज्य पदार्थांची यादी इंग्रजीत लिहून ई-मेलने पाठवावी, आणि तिची छापील प्रत सोबत बाळगावी. विमान कंपन्यांनी तर जैन भोजनाला ‘व्हीजेएमएल’ असे स्वतंत्र सांकेतिक नाव दिलेले आहे. तेही बहुधा किमान एक दिवस आधी नोंदवावे लागते. जे यंत्रणेला वेळेवर कळते ते ती करते. ऐन वेळी केलेल्या विनंतीत तिची गैरसोय आणि आपली चिडचिड, दोन्ही होतात.

पाण्याची काळजी तुलनेने कमी. खोलीत विजेची किटली असतेच. गाळण्याचे स्वच्छ फडके आणि झाकणाचा थर्मास घरून न्यावा. किटलीत आधीच्या पाहुण्याने काय उकळले असेल याची शंका असल्यास रिसेप्शनला सांगून उकळलेले पाणी मागवता येते. सिंगापूर आपल्या गरजेच्या पाण्याचा मोठा वाटा मलेशियातील जोहोरहून आणते. त्यामुळे ‘टॉवेल रोज धुण्यास न टाकल्यास पाणी वाचेल’ अशी चिठ्ठी खोलीत आढळते, ती जैन पाहुण्याने तरी गांभीर्याने घ्यावी.

बिलाकडे आता थोडे वळावे. हॉटेलच्या दरापुढे अधिकची दोन चिन्हे छापलेली असतात. पहिले दहा टक्के सेवाशुल्काचे, दुसरे १ जानेवारी २०२४ पासून नऊ टक्के झालेल्या जीएसटीचे. यांची बेरीज एकोणीस टक्के नव्हे, कारण कर सेवाशुल्कासह झालेल्या रकमेवर लागतो. ४०० डॉलरच्या खोलीला ४० डॉलर सेवाशुल्क, मग ४४० वर ३९.६० कर, असे ४७९.६० डॉलर होतात. पर्यटकांना खरेदीवरील कर विमानतळावर परत मिळण्याची सोय आहे. ती मुक्कामाच्या बिलाला लागू नाही. सेवाशुल्क दिल्यावर वेगळी बक्षिसी देण्याची तेथे रीत नाही. येताच हॉटेल कार्डावर काही रक्कम अडवून ठेवते व ती सुटण्यास काही दिवस लागतात, म्हणून तेथे डेबिट कार्ड न देता क्रेडिट कार्ड द्यावे. आणि यंत्राने ‘रुपयांत भरता की डॉलरमध्ये’ असे विचारले, तर नि:संकोच डॉलर निवडावे; रुपयांचा पर्याय सोयीचा भासतो, पण त्यातील विनिमय दर सामान्यतः महाग पडतो.

एवढा खर्च अपरिग्रहाशी कसा जुळतो, हा प्रश्न श्रावकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. भोगोपभोग-परिमाण व्रतात मर्यादेचा आकडा ज्याने त्याने ठरवायचा असतो. नित्याच्या चौदा नियमांत द्रव्य, वाहन, शयन यांची मोजदाद आहेच. दिवसाला दहा द्रव्यांची मर्यादा करणारा श्रावक शंभर पदार्थांच्या बुफेपुढे उभा राहतो, तेव्हा त्या नियमाचा खरा कस लागतो. घरी दहा द्रव्ये पाळणे तितके कठीण नसते. १८८७ साली आर्मेनियन सार्कीस बंधूंनी सुरू केलेले रॅफल्स असो, वा १९२८ सालच्या टपाल कार्यालयाच्या भव्य इमारतीत २००१ साली आलेले फुलर्टन असो, या वास्तू पाहण्यासारख्या आहेत. पाहण्यासाठी तेथे राहावेच लागते असे नाही. राहिल्यास एक-दोन रात्री पुरतात.

२०१० साली उघडलेले मरीना बे सँड्स मात्र वेगळ्या कारणासाठी विचार करायला लावते. सत्तावन्नाव्या मजल्यावरील दीडशे मीटरचा जलतरण तलाव सर्वांना ठाऊक आहे. त्याच संकुलात जुगारघर आहे. सिंगापूर सरकार आपल्या नागरिकांकडून तेथे शिरण्यासाठी २४ तासांना १५० डॉलर आकारते, त्यांनी जाऊ नये म्हणून. परदेशी पाहुण्याला पारपत्र दाखवून विनामूल्य प्रवेश आहे. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले का, हे नातवंडांना समजावण्यास याहून सरळ उदाहरण सापडणार नाही.

सिंगापूरमधील जैन समाज संख्येने लहान, पण संघटित आहे. जालान यासिन येथे सिंगापूर जैन रिलिजस सोसायटीचे स्थान आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या तेथील आंतरधर्मीय संघटनेत जैन धर्म दहा धर्मांपैकी एक म्हणून सहभागी आहे. पर्युषणाच्या काळात प्रवास घडलाच तर आधी संपर्क साधून जावे. लिटल इंडियात १९२४ पासूनचे आनंद भवन आणि १९४७ पासूनचे कोमल विलास ही जुनी शाकाहारी भोजनगृहे आहेत. तेथेही सांबारात कांदा असतोच, एवढे ध्यानात ठेवावे.

साडेसहाला जेवण आटोपले की चौविहारी कुटुंबाची सायंकाळ मोकळी होते. हॉटेलच्या भोजनगृहांत गर्दी भरू लागते त्या सुमारास प्रतिक्रमण होऊन जाते. गार्डन्स बाय द बे या उद्यानातील उंच लोखंडी वृक्षांवर रात्री पावणेआठला संगीताच्या साथीने दिव्यांचा खेळ सुरू होतो. त्याला तिकीट लागत नाही, आणि आजी-आजोबांना बसण्यासाठी जागा हवी असेल तर थोडे आधी पोहोचलेले बरे.