स्वराला हेलकावा देणारी पेटी : अल्प खर्चातील तजवीज

आमच्या आष्ट्यातील एका स्नेह्यांनी, घरच्या ध्वनिमुद्रणात गिटार अगदीच कोरडी उमटते, तेव्हा कोरसची पेटी (इफेक्ट पेडल) किफायतीत कोठे मिळेल, अशी पृच्छा केली, म्हणून हे टिपण.

तानपुऱ्यांसाठी प्रसिद्ध मिरज इतकी निकट असता कोरसचे तत्त्व उमगणे कठीण नाही. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांपैकी एकीची कंपने सेकंदाला 220 व दुसरीची 221 झाली, की दर सेकंदाला एक हेलकावा कानी येतो.

पेटी हेच कृत्रिम रीतीने साधते : आलेल्या ध्वनीची प्रत सुमारे 20 मिलिसेकंद मागे ठेवून, तो विलंब सावकाश कमीअधिक करीत, ती मूळ ध्वनीत मिसळते. असा विलंब साधणाऱ्या, 1969 मध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी काढलेल्या चिपमध्ये, आगीवर बादल्या हातोहात पोहोचवाव्यात तसा, विद्युत्भार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात सरकतो. 1976 चा बॉस कंपनीचा सीई-1 कोरस याच युक्तीवर चालतो.

नवी पेटी घेण्यापूर्वी, जत्रांचा हंगाम सरल्यावर, ऑर्केस्ट्रावाल्यांकडे जुन्या पेटीची चौकशी अवश्य करावी. मात्र नॉब फिरवताना खरखर होत नाही ना, आणि 9 व्होल्टच्या अडॅप्टरचा ध्रुव पेटीवरील चिन्हाशी जुळतो ना, याची खातरजमा स्वतः केल्यावाचून पैसे मोजू नयेत. बहुतेक पेट्यांत ऋण ध्रुव मध्यभागी असतो.

एकच पेटी घ्यावयाची तर कोरसच घ्यावी; फ्लँजर या तशाच दुसऱ्या पेटीची हौस, माझ्या मते, लवकर फिटते. मुद्रणाच्या वेळी कोरडा ध्वनी निराळ्या ट्रॅकवर राखावा, कारण एकदा मिसळलेला कोरस मागाहून वेगळा काढता येत नाही.

शंका असल्यास पेटीच्या व अडॅप्टरच्या छायाचित्रांसह बिनदिक्कत विचाराव्यात.