फळी परत येईपर्यंत

ज्याने लहानपणी पाठीला भोपळा बांधून गावच्या विहिरीत हातपाय मारले, पुढे तो भोपळाही सोडला, आणि भर वैशाखात कठड्यावरून मुटका मारून काठावरच्या वडीलधाऱ्यांची धोतरे भिजवण्यापर्यंत ज्याची मजल गेली, त्या मनुष्यास जलतरण तलावातील स्प्रिंगबोर्ड म्हणजे आपल्या जुन्याच विद्येची शहरी आवृत्ती वाटावी, यात नवल नाही. धैर्याचे भांडवल त्याच्यापाशी असते आणि ते कमी मोलाचे नव्हे. परंतु विहिरीचा कठडा दगडाचा; तो पायाखाली अचल राहतो, आणि उडी केव्हा घ्यावयाची याचा सर्वाधिकार उडी घेणाराकडे असतो. स्प्रिंगबोर्डची फळी वाकते व वर येते. तिची स्वतःची वेळ असते, आणि त्या वेळेशी जुळवून घेणे हीच नवशिक्याची पहिली व बहुधा सर्वांत दीर्घ साधना होय.

स्पर्धेस योग्य अशी फळी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, सुमारे ४.८८ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असते. तिचे मागचे टोक बिजागरीने जखडलेले, पुढचे टोक पाण्यावर १ किंवा ३ मीटर उंचीवर मोकळे, आणि मध्ये एक टेकू, जो पायाने चाक फिरवून पुढेमागे सरकवता येतो. टेकू मागे घ्यावा तसतशी फळी अधिक लवचिक, पुढे घ्यावा तसतशी ताठ होते. सबब नवशिक्यास टेकू पुढे घेऊनच उभे करतात. मोकळ्या टोकावर भार पडला की फळी खाली वाकते, उडी घेणाराने दिलेली शक्ती आपल्यापाशी अनामत ठेवून घेते, आणि वर येताना ती परत करते. व्यवहार चोख आहे, पण त्यास मुदत आहे. फळी अद्याप खाली जात असतानाच ज्याने घाईने पाय ताठ करून अंग उचलले, त्याची ठेव फळीपाशीच राहून जाते. नवशिक्यांच्या दहा दोषांपैकी निदान सहा-सातांचे मूळ या एका घाईत सापडेल, असे माझे मत आहे.

ही वाट पाहणे सोपे नाही, कारण त्यापूर्वी चालत यावे लागते. फळीच्या टोकाशी टाचा लावून, तोंड मागे करून, आपलीच पावले मोजीत जावयाचे व आरंभाची जागा ठरवावयाची. मग वळून, किमान तीन पावले टाकून, एक गुडघा वर उचलीत एका पायावरून छोटी झेप घ्यावयाची. या झेपेला हर्डल म्हणतात. तीतून दोन्ही पाय एकदम फळीच्या टोकावर उतरले पाहिजेत, दृष्टी तोवर त्या टोकावरच असली पाहिजे, आणि खांद्यांवरून खाली येऊन पुन्हा वर जाणाऱ्या हातांची गती फळीच्या गतीशी मिळाली पाहिजे. हे सर्व जमण्यापूर्वी सूर मारण्याचा हट्ट धरू नये. पाय खाली ठेवून सरळ उभ्याने पाण्यात पडण्याच्या साध्या उड्या कितीही घ्याव्यात.

पाण्याच्या भीतीने नवशिका पुढे झुकतो, आणि फळी त्याला वर न फेकता लांब फेकते. मग सूर सपाट होऊन पोट पाण्यावर आपटते. याचे कारण असे की, पाय फळीपासून सुटल्यावर देहाच्या गुरुत्वमध्याचा मार्ग बदलणे कोणाच्याही हाती नसते. अंग आखडून घेतले तर गिरकी वेगवान होते, पसरले तर मंदावते. परंतु गिरकीचा मूळ संवेग फळीवरूनच न्यावा लागतो. मागे झुकण्यात धोका त्याहून भारी. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये ३ मीटरच्या प्राथमिक फेरीत ग्रेग लुगॅनिस याने तोंड पुढे ठेवून मागे फिरणारी उडी घेतली आणि त्याचे डोके फळीवर आपटले. टाके घालून तो परतला आणि सुवर्णपदकही त्यानेच जिंकले. अशा उड्या शिकवण्याच्या क्रमात मागाहून येतात, त्या उगीच नव्हे.

पाण्यात शिरण्याची विद्या तर फळीवर शिकवीतच नाहीत. ती तलावाच्या काठावर सुरू होते: प्रथम बसून, मग एका गुडघ्यावर टेकून, मग उभे राहून नुसते पुढे पडावयाचे. एक तळहात दुसऱ्या हाताच्या पाठीवर, तळवा पाण्याकडे सपाट, कोपरे ताठ, दंड कानांशी घट्ट. बोटे जोडून टोकदार करण्याची सर्वसामान्य कल्पना येथे चुकीची ठरते. सपाट तळव्याने पाण्यास पाडलेल्या वाटेतून उरलेले शरीर गेले म्हणजेच पाणी उडत नाही. १ मीटरवरून नुसते पडले तरी पाण्याशी गाठ ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने पडते, ३ मीटरवरून सुमारे २८. आणि फळीने वर उडवले असेल तर त्याहून अधिक.

बरेचसे शिक्षण कोरड्या जमिनीवर होते, हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. गाद्या, ट्रॅम्पोलिन, कमरेला दोरीचा पट्टा आणि दोरी धरणारा प्रशिक्षक, एवढ्या सरंजामात गिरक्या आधी पक्क्या होतात. या प्रकारात सॅमी ली याचे उदाहरण मला नेहमी आठवते. कोरियन वंशाचा हा अमेरिकन मुलगा कॅलिफोर्नियात वाढला. पॅसाडेना येथील सार्वजनिक तलाव गोरेतरांस आठवड्यातून एकाच दिवशी खुला असे, म्हणून त्याच्या प्रशिक्षकाने परसात वाळूचा खड्डा खणून त्यातच त्याचा सराव चालू ठेवला. वाळूत डोके खाली करून पडता येत नाही; पायांवरच उतरावे लागते. त्या सरावाने त्याच्या पायांत आलेले बळ पुढे त्याच्या कामी आले. १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये १० मीटर मनोऱ्यावरचे सुवर्ण त्याने जिंकले, आणि १९४८ मध्ये स्प्रिंगबोर्डचे कांस्यही. पेशाने तो कानाचा डॉक्टर झाला, आणि १९७६ मध्ये सोळा वर्षांच्या लुगॅनिसला रौप्यपदकापर्यंत त्यानेच शिकवले. अन्यायाची अशी भरपाई सर्वांच्याच वाट्याला येत नाही, हेही खरे.

स्पर्धा पाहावयास जाल तर फलकावरील अंकांनी बिचकू नये. पहिला अंक उडीचा वर्ग सांगतो: १ पुढची, २ मागची, ३ पुढे तोंड करून मागे फिरणारी, ४ पाण्याकडे पाठ करून फळीकडे फिरणारी, ५ पीळ घेणारी, ६ हातांवर उभे राहून, ती मात्र मनोऱ्यावरच. पहिल्या चार वर्गांत तिसरा अंक अर्ध्या गिरक्यांचा. म्हणजे १०३ ही पुढची दीड गिरकी, आणि नवशिक्याची १०१ म्हणजे साधा सूर. साधा म्हणून त्यास हलका लेखू नये.

आपल्याकडे या विद्येस पूर्वेतिहास नाही असे नाही. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धांत फळीवरचे व मनोऱ्यावरचे अशी दोन्ही सुवर्णपदके के. पी. ठक्कर यांनी भारतास मिळवून दिली होती. उणीव आहे ती खोल पाण्याची. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १ मीटरच्या फळीखाली निदान ३.४ मीटर आणि ३ मीटरच्या फळीखाली ३.७ मीटर पाणी लागते. म्हणून ज्या वाचकास स्वतः शिकण्याची किंवा मुलांस पाठवण्याची इच्छा असेल, त्याने शुल्काची चौकशी करण्यापूर्वी तलावाच्या खोलीची करावी, प्रशिक्षक काठावर हजर असतो की नाही हे पाहावे, आणि उथळ तलावात, अनोळखी विहिरीत वा पावसाळी डोहात डोके पुढे करून सूर मारू नये. मानेचा मणका एकदा मोडला की तो बहुधा जन्माचा अधू करून जातो.