जॉन एफ. केनेडी हत्या अभिलेख संग्रह कायदा

जॉन एफ. केनेडी हत्या अभिलेख संग्रह कायदा (१९९२) हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येसंबंधीची सरकारी कागदपत्रे जनतेसाठी खुली करणे बंधनकारक करणारा अमेरिकी संघीय कायदा आहे. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी २६ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यावर स्वाक्षरी केली.

पार्श्वभूमी

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे केनेडी यांची गोळ्या घालून हत्या झाली. ली हार्वे ओसवाल्डने हे कृत्य एकट्याने केले, असा निष्कर्ष वॉरन आयोगाने १९६४ मध्ये काढला. १९७९ मध्ये मात्र प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने हत्येमागे बहुधा कट असावा, असे मत नोंदवले. या समितीचे दप्तर २०२९ पर्यंत बंद राहणार होते. ऑलिव्हर स्टोन दिग्दर्शित ‘जेएफके’ (१९९१) या चित्रपटाच्या शेवटी ही बाब नमूद केल्यामुळे लोकमत प्रक्षुब्ध झाले. चित्रपटातील कटाच्या सिद्धान्तावर कठोर टीका झाली, तरी कायद्याला गती मिळाली ती त्याच्यामुळेच.

तरतुदी

माहितीच्या अधिकाराच्या सर्वसाधारण कायद्यात नागरिकाला अर्ज करावा लागतो. येथे मात्र प्रत्येक कागद तत्काळ खुला करावयाचा, असे गृहीत धरले आहे. तो रोखावयाचा असल्यास, प्रकटीकरणाने होणारी हानी स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने दाखवणे आवश्यक ठरते. गुप्तहेराची ओळख, हयात खबऱ्याच्या जिवाला धोका, खाजगीपणाचा भंग ही त्याची काही कारणे होत. रोखलेले कागदही २५ वर्षांत खुले करावयाचे होते. परंतु राष्ट्राध्यक्षांना मुदतवाढीचा अधिकार राहिला. पुढे नेमकी हीच पळवाट ठरली.

अंमलबजावणी

निर्णयासाठी पाच सदस्यांचे स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळ नेमण्यात आले. जॉन टनहाइम त्याचे अध्यक्ष होते. एब्राहम झप्रुडर यांनी हत्येच्या क्षणी टिपलेली चित्रफीत मंडळाने शासकीय अभिलेख ठरवली. परिणामी सरकारला १९९९ मध्ये त्यांच्या वारसांना १ कोटी ६० लाख डॉलर भरपाई देण्याचा निवाडा झाला. मंडळ १९९८ मध्ये विसर्जित झाले. राष्ट्रीय अभिलेखागारातील या संग्रहात ५० लाखांहून अधिक पाने आहेत.

२०१७ मध्ये मुदत संपली, तेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांनी व नंतर जो बायडेन यांनी काही कागद रोखून धरले. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ते पूर्णपणे खुले करण्याचा आदेश दिला आणि मार्चमध्ये हजारो पाने प्रसिद्ध झाली. त्यांत अनेक हयात व्यक्तींचे सामाजिक सुरक्षा क्रमांकही उघड झाले.