आधीच ठरलेला शोध

काशीदच्या किनाऱ्यालगत घरगुती खोल्या चालवणाऱ्यांकडे येणारा पाहुणा आता बहुधा फोनवर शोधूनच येतो. म्हणून फोनवर आधीच कोणते सर्च इंजिन बसवले आहे, हा प्रश्न मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. तो पोटापाण्याचाही आहे.

अमेरिकेत बरेच फोन मोबाइल सेवा कंपन्याच विकतात. २०१० मध्ये व्हेरायझनने सॅमसंगच्या ‘फॅसिनेट’वर गुगलऐवजी बिंग बसवून दिले. आपल्याकडे फोन एकीकडून घ्यायचा, सिम दुसरीकडून. त्यामुळे इथे निवड ठरली ती गुगल आणि फोन बनवणाऱ्यांच्या करारांत: प्ले स्टोअर हवे, तर गुगलचा शोधही फोनवर हवाच. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अशा अटींबद्दल १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि फोन सुरू करतानाच ग्राहकाला सर्च इंजिन निवडू द्यावे, असा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर गुगलने ही मुभा जाहीर केली.

मात्र नवा फोन पहिल्यांदा सुरू होतो, तेव्हा तो बरेचदा दुकानदाराच्या हातात असतो. निवड आपली व्हायची, तर त्या वेळी फोन आपण मागून घ्यायला हवा.